पगार की फी? कन्सल्टन्सीमार्फत काम करणाऱ्यांसाठी

जुलै महिन्यात माझ्या टेबलासमोर एक प्रसंग दरवर्षी हमखास घडतो. समोर बसलेल्या मुलाच्या गळ्यात हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचं कार्ड असतं. तो कंपनीच्या बसने जातो, तिथल्याच कॅन्टीनमध्ये जेवतो, लॅपटॉपही कंपनीचाच वापरतो. "फॉर्म सोळा आणलाय?" असं विचारलं की मोबाईल पुढे करतो. मोबाईलवर फॉर्म सोळा नसतो, सोळा-ए असतो. वर त्या मोठ्या कंपनीचं नाव नाही, कुठल्याशा कन्सल्टन्सीचं आहे, आणि कलमाच्या रकान्यात १९२ ऐवजी १९४जे लिहिलेलं आहे. "म्हणजे काय सर? मी तर नोकरीच करतोय ना?"

हा प्रश्न जुलैत पडून उपयोग नाही. तो सही करायच्या आधी पडायला हवा. कारण त्या एका कलमावर पुढचं सगळं ठरतं: कर किती बसणार, कोण भरणार, पीएफ मिळणार की नाही, जीएसटी लागणार का, आणि उद्या गृहकर्जासाठी बँकेत गेलात तर तुमचं उत्पन्न किती धरलं जाणार. इतक्या वर्षांत मी पाहिलं आहे ते असं, की हुशार मुलं महिन्याच्या आकड्यावरून तासभर घासाघीस करतात आणि तो आकडा पगार आहे की फी, हे विचारायचं राहून जातं.

"मी कॉन्ट्रॅक्टवर आहे" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एका प्रकारात कन्सल्टन्सी तुम्हाला तिच्या पेरोलवर घेते. ऑफर लेटर देते, दरमहा सॅलरी स्लिप देते, पीएफ भरते, पगारावर कलम १९२ खाली टीडीएस कापते आणि वर्ष संपल्यावर फॉर्म सोळा देते. काम क्लायंटकडे, पण कागदावर मालक कन्सल्टन्सी. यालाच थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कन्सल्टन्सी तुमची सेवा विकत घेते. महिनाअखेर तुम्ही टाइमशीट मंजूर करून घेता, इन्व्हॉइस पाठवता, आणि ती फी देते. तिथे तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहात. कलम १९४जे त्यासाठी असतं.

खरी अडचण अशी की दुसऱ्या प्रकारातल्या अनेकांना आपण दुसऱ्या प्रकारात आहोत याचा पत्ताच नसतो. त्यांनी कधी इन्व्हॉइस बनवलेलं नसतं, कन्सल्टन्सीच त्यांच्या नावाने बनवून ठेवते. जॉइनिंगच्या गडबडीत मोबाईलवर आलेल्या पंधरा पानी करारावर बोटाने सही केलेली असते. म्हणून हा लेख वाचताय तोवरच आयकराच्या पोर्टलवर जा आणि फॉर्म २६एएस उघडा. तिथे प्रत्येक कपातीसमोर कलम लिहिलेलं असतं. १९२ असेल तर तुम्ही पगारदार, १९४जे असेल तर व्यावसायिक, १९४सी असेल तर तुम्हाला ठेकेदार धरलं आहे. या लेखात मी सगळीकडे हेच जुने आकडे वापरतो, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात पगाराच्या टीडीएसचं कलम ३९२ आहे आणि बाकीच्या बहुतेक टीडीएसचं ३९३. आकडे बदलले, पण पगार आणि फी यांतला फरक तोच राहिला आहे. उदाहरणांतला हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या दरांनी केला आहे.

पेरोलवर असाल तर

पेरोलवाल्यांचं काम त्यामानाने सोपं. कर कन्सल्टन्सी कापते, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, रिटर्नचा फॉर्मही साधा. पण कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस एका कन्सल्टन्सीत फार टिकत नाही. सहा महिने इथे, आठ महिने तिथे. नेमका तिथे खड्डा आहे.

समजा, एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही एका कन्सल्टन्सीमार्फत महिना १ लाखावर होता आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरीमार्फत दीड लाखावर. पहिलीने तुमचा पगार वर्षाला १२ लाख धरला. १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्याने तिने काहीच कापलं नाही. दुसरीला आधीच्या पगाराची माहितीच नाही. तिच्या हिशोबाने तुमचं उत्पन्न ९ लाख. तिनेही काही कापलं नाही. दोन्ही फॉर्म सोळा स्वच्छ, कर शून्य. तुम्ही खुशीत. प्रत्यक्षात वर्षाचा पगार १५ लाख झाला, वजावट एकदाच मिळते, म्हणजे करपात्र उत्पन्न १४,२५,०००. त्यावर कर ९३,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ९७,५००. वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. ही रक्कम ज्याला जुलैत एकदम कळते, त्याचा चेहरा मला पाहवत नाही.

उपाय साधा आहे. नव्या ठिकाणी रुजू होताच आधीच्या पगाराचा आणि कपातीचा तपशील फॉर्म १२बी मध्ये लिहून द्या. मग दुसरी कन्सल्टन्सी एकत्रित उत्पन्न धरून दर महिन्याला थोडा थोडा कर कापेल. "आधी किती मिळत होतं ते यांना कशाला सांगायचं" या संकोचाने बरेच जण तो फॉर्म भरत नाहीत. संकोच समजतो मला, पण तो लपवलेला पगार रिटर्नमध्ये दिसणारच आहे.

पीएफच्या बाबतीत दोन गोष्टी जपा. यूएएन एकच ठेवा आणि कन्सल्टन्सी बदलली की जुनं खातं नव्याला जोडून घ्या. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर तो करपात्र होतो. खातं हस्तांतरित केलंत तर आधीच्या ठिकाणची वर्षं त्यात मोजली जातात. दुसरं म्हणजे पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि पासबुकात जमा नसतो, अशी प्रकरणं होतात. चार महिन्यांत लक्षात आलं तर भांडता येतं. कन्सल्टन्सी सोडून दोन वर्षांनी लक्षात आलं तर तिचा जुना फोन नंबरही लागत नाही.

टीडीएसचंही तेच. स्लिपवर कापला आणि सरकारकडे भरलाच नाही, तर तो २६एएसमध्ये दिसत नाही. अशा वेळी घाबरून स्वतःच्या खिशातून पुन्हा भरू नका. कलम २०५ सांगतं की पगारातून किंवा फीतून जो कर कापला गेला आहे, तेवढ्यापुरती थेट तुमच्याकडे मागणी करता येत नाही. फक्त कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. म्हणून प्रत्येक महिन्याची सॅलरी स्लिप ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या खासगी मेलवर घेऊन ठेवा. कॉन्ट्रॅक्ट संपलं की त्या संध्याकाळीच तुमचं लॉगिन बंद होतं.

फी घेत असाल तर

इथे थोडं थांबून बोलावं लागेल, कारण मोह इथे आहे.

१९४जे खाली कन्सल्टन्सी व्यावसायिक फीवर १० टक्के कापते, तांत्रिक सेवेच्या फीवर २ टक्के. काही ठिकाणी १९४सी लावून १ टक्काच कापतात. या टक्क्यांनाच पूर्ण कर समजून स्वस्थ बसणारे खूप असतात. टीडीएस ही फक्त उचल आहे. खरा कर वर्षाच्या शेवटी तुमच्या नफ्यावर ठरतो.

आता मोह. कलम ४४एडीए खाली ठरावीक व्यवसायांना हिशोबाची वही न ठेवता, मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. वर्षाची मर्यादा ५० लाख, आणि रोखीने मिळालेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. दीड लाख महिना फी घेणाऱ्याचे वर्षाला १८ लाख होतात. पगार असता तर त्यावर उपकरासह १,५०,८०० रुपये कर बसला असता. ४४एडीए खाली ९ लाख उत्पन्न दाखवलं की कर शून्य, आणि १० टक्क्यांनी कापलेले १ लाख ८० हजार परत. हे ऐकून कोणाचेही डोळे चमकतील. कन्सल्टन्सीचे लोकही हेच सांगून सही घेतात: "सर, तुम्हाला टॅक्सच नाही लागणार."

कायदा खरोखर तसा आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. यादीत कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट हे व्यवसाय आहेत. अधिसूचनेने माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी, चित्रपट कलावंत अशांची भर पडली आहे. सॉफ्टवेअरचं काम करणारा त्यात बसतो. त्याच मजल्यावर बसून कन्सल्टन्सीमार्फतच माणसं निवडण्याचं, मजकूर लिहिण्याचं किंवा प्रशिक्षण देण्याचं काम करणारी व्यक्ती आपोआप बसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने भरलं म्हणून तोच फॉर्म आपणही भरला, असं करू नका.

दुसरी अट यादीहून मोठी आहे. ते उत्पन्न खरंच व्यवसायाचं असलं पाहिजे. पगाराला फी म्हटल्याने तो फी होत नाही.

न्यायालयांनी हा फरक फार पूर्वीपासून पाहिला आहे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा खटला आला होता. सौराष्ट्रातल्या मिठागरांवरचे अगरिये मिठाच्या वजनावर पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसं लावत, त्यांना हजेरीचे ठरावीक तास नव्हते. कंपनी म्हणाली, हे ठेकेदार आहेत. न्यायालयाने त्यांना कामगार मानलं, कारण मीठ कसं पिकवायचं यावर प्रत्येक टप्प्याला कंपनीची देखरेख होती. उलट बाजूचं उदाहरण आपल्या पुण्यातलं. रुबी हॉल क्लिनिक चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात आयकर खात्याचं म्हणणं होतं, की ज्या डॉक्टरांना दरमहा ठरावीक रक्कम मिळते ते नोकरच, त्यांच्यावर १९२ लावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते मान्य केलं नाही. त्या डॉक्टरांना पीएफ किंवा निवृत्तीचे लाभ नव्हते, हॉस्पिटलच्या वेळेबाहेर स्वतःची प्रॅक्टिस करायला मोकळीक होती. म्हणून ती फी ठरली आणि १९४जे बरोबर ठरलं.

या दोन खटल्यांच्या मध्ये स्वतःला उभं करून पाहा. रजा कोण मंजूर करतं? कामाची वेळ कोण ठरवतं? तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता येतं का? त्याच काळात दुसऱ्या कोणाचं काम घेता येतं का, की करारात बंदी आहे? काम बिघडलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावं लागतं, की महिनाअखेर पैसे मिळणारच? सगळी उत्तरं नोकराचीच येत असतील, आणि कराराच्या मथळ्यावर फक्त 'व्यावसायिक सेवा करार' असं लिहिलं असेल, तर तुमचं ४४एडीए कच्च्या पायावर उभं आहे. खात्याने प्रकरण उघडलं आणि तो पगार ठरवला, तर निम्मं उत्पन्न वगळण्याची सोय जाते, कर आणि व्याज द्यावं लागतं, आणि कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम २७०ए खाली त्या कराच्या ५० टक्के दंडही होऊ शकतो. टीडीएस चुकीच्या कलमाखाली कापल्याची जबाबदारी कन्सल्टन्सीची. पण तुमच्या रिटर्नवर सही तुमची असते, हे विसरू नका.

ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून यासाठी 'आयआर ३५' नावाचे स्वतंत्र नियमच आहेत. मध्यस्थ कंपनीमार्फत काम करणारा खरा नोकर असेल तर त्याच्यावर नोकराप्रमाणे कर बसतो. लंडनला गेलेल्या आपल्या मुलांना हे चांगलं ठाऊक असतं. भारतात तसा वेगळा कायदा नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर जातं, म्हणून कागद आणि प्रत्यक्ष काम एकमेकांशी जुळणं इथे जास्त गरजेचं.

जीएसटीचा आकडा आधी ठरवा

फी घेणाऱ्याने सगळ्यात जास्त पैसे कुठे गमावलेले मी पाहिले असतील, तर ते 'सर्व करांसह' या दोन शब्दांत.

नोकराने मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही. व्यावसायिकाच्या सेवेवर आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवांसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे. ती ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी, आणि अशा सेवांवर दर १८ टक्के. या २० लाखांत फक्त फी मोजत नाहीत. कोथरूडचा फ्लॅट राहण्यासाठी भाड्याने दिला असेल तर त्याचं भाडं, करमाफ असलं तरी, उलाढालीत धरलं जातं.

आता अडीच लाख महिना ठरवलेला माणूस घ्या. वर्षाचे ३० लाख. करारात 'अडीच लाख अधिक जीएसटी' असेल तर तो कन्सल्टन्सीकडून ४५ हजार जास्त घेतो आणि सरकारला भरतो. कन्सल्टन्सीलाही त्याचं क्रेडिट मिळतं, तिचं काही जात नाही. पण करारात 'अडीच लाख, सर्व करांसह' असेल, तर तेच ३० लाख जीएसटी धरून झाले. त्यातले ४,५७,६२७ रुपये सरकारचे, हातात २५ लाख ४२ हजार. जवळजवळ दोन महिन्यांची कमाई एका वाक्यात गेली. कन्सल्टन्सीला सांगून ते वाक्य बदलून घेणं बहुतेक वेळा शक्य असतं, मात्र सहीच्या आधी. एक लक्षात ठेवा: इन्व्हॉइसवर जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, जीएसटीसकट रकमेवर नाही. कन्सल्टन्सीच्या अकाउंट्सवाल्यांकडून ही चूक होते, तेव्हा पहिल्याच महिन्याला तपासा.

याच ३० लाखांच्या माणसाचा आयकर पाहू. ४४एडीए खाली १५ लाख उत्पन्न, उपकरासह कर १,०९,२००. कन्सल्टन्सीने २ टक्के कापले असतील तर ६०,००० जमा आहेत, ४९,२०० उरतात. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडीए वाल्यांना तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायची सवलत आहे. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते. मी सगळ्यांना एकच सवय लावतो: फी जमा झाली की त्याच दिवशी दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊच नका.

व्यवसाय कर लहान रक्कम आहे पण राहून जातो. पगारदाराचा मालक कापतो. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतः नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात.

आकड्यांची खरी तुलना

महिना १ लाख पगार आणि महिना १ लाख फी या एक रकमा नाहीत. पगारात मूळ वेतन ५० हजार असेल आणि त्यावर पूर्ण १२ टक्के पीएफ भरला जात असेल, तर मालकाचा वाटा वर्षाला ७२ हजार होतो. ग्रॅच्युइटी वर्षामागे साधारण २९ हजारांच्या आसपास, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ती मिळते. रजा आणि सुट्ट्या मिळून वर्षात २८ दिवस धरले, तर फीवाल्याला त्या दिवसांचे पैसे नाहीत. महिन्याचे २२ दिवस धरून दिवसाला ४,५४५ म्हणजे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त. आरोग्य विमा स्वतःचा. एवढं सगळं मांडलं की तेवढ्याच सुखाने राहायला फीचा आकडा पगाराहून वीस टक्के तरी जास्त हवा. तोही प्रोजेक्टच्या मधला रिकामा काळ न धरता.

मुलींना तर मी मुद्दाम विचार करायला लावतो. पेरोलवर असलेल्या स्त्रीला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा हक्काने मिळते. इन्व्हॉइसवर काम करणारीला एक दिवसही नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात पाळणा हलेल असं मनात असेल, तर कर किती वाचतो त्याआधी हा हिशोब मांडा. ही गोष्ट जॉइनिंगच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहितो.

गृहकर्जाचंही तसंच. पगारदाराकडून बँक स्लिपा आणि फॉर्म सोळा घेते. व्यावसायिकाकडून दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि त्यातलं उत्पन्न पाहते. तुम्ही ४४एडीए खाली निम्मंच दाखवलं असेल तर बँकही निम्म्यावरच कर्ज देते. खर्च खरंच कमी असेल तर निम्म्याहून जास्त उत्पन्न दाखवायला कायदा कधीच हरकत घेत नाही, उलट तसं दाखवणंच रास्त.

पैसे अडकले तर

"क्लायंटने आम्हाला दिले नाहीत, म्हणून तुम्हाला देता येत नाहीत." हे वाक्य फीवाल्यांनी ऐकलेलं असतं. पेरोलवर असाल तर कन्सल्टन्सीला हे कारण देता येत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. फीवर असाल तर एक मार्ग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे: उद्यम नोंदणी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदता येते. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली फी कन्सल्टन्सीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, तिचा स्वतःचा कर वाढतो. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापा. मार्च महिन्यात तुमच्या फोनला उत्तर मिळायला लागतं.

एकाच वर्षात काही महिने पेरोल आणि काही महिने फी असं झालं असेल, तर दोन्ही उत्पन्न एकाच रिटर्नमध्ये, आपापल्या शीर्षकाखाली दाखवा. ७५ हजारांची वजावट फक्त पगारातून, ४४एडीए फक्त फीवर. जुनी करपद्धत निवडायचा विचार असेल तर जपून: निव्वळ पगारदाराला ती दरवर्षी बदलता येते, पण व्यवसायाचं उत्पन्न असलेला एकदा जुनी घेऊन पुन्हा नवीत आला की त्याची परत जुनीकडे जाण्याची वाट बंद होते.

पुढचं कॉन्ट्रॅक्ट हातात येईल तेव्हा फोनवर बोलणं झालं तरी कन्सल्टन्सीला एक मेल टाका. त्यात एवढंच लिहा: "मला कर्मचारी म्हणून घेताय की व्यावसायिक म्हणून? टीडीएस कोणत्या कलमाखाली आणि किती टक्के कापणार? ठरलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे की वेगळा? मालकाचा पीएफ त्याच रकमेतून जाणार का? आणि क्लायंटने उशीर केला तरी मला कोणत्या तारखेला पैसे मिळतील?" पाच प्रश्न, दहा मिनिटांचं काम. लेखी उत्तर आलं की ते खासगी मेलमध्ये जपून ठेवा, आणि ते येईपर्यंत सही करू नका.